नावाडिणीच्या पुस्तकाचा शेवट

सन एकोणीसशे सत्तर, कार्तिकातला पहिला रविवार, दुपारचे तीन. जागा, राजूरच्या मराठी शाळेतला चौथीचा वर्ग. जमा वर्गणी अठरा रुपये पंचवीस पैसे. हजर असामी सतरा: मोठी माणसं तेरा, दरडोई सव्वा रुपया, मुलं चार, दरडोई आठ आणे. वाचन मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, म्हणून आकडे छातीवर हात ठेवून सांगते. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. वर्गणीपुरती मुलांत मोडत होते, वही लिहिण्यापुरती मोठ्यांत. हजर असलेल्यांत मंडळ काढणारे गुरुजी होते, माझे वडील म्हणजे दादा होते, जंगलखात्यातून निवृत्त झालेले कोंडाजी तात्या होते, सरकारी दवाखान्यात आया असलेल्या मुक्ताबाई होत्या आणि दगडू टेलर व त्याची सात वर्षांची छबी होती. बाकीच्यांची नावं वहीत आहेत, पण या प्रकरणात ती लागणार नाहीत.

मंडळाचा नियम पहिल्याच दिवशी ठरला आणि तो भांडणातून ठरला. गुरुजींनी बाकावर सव्वीस पुस्तकं मांडली आणि म्हणाले, घ्या. एका मिनिटात एका रहस्यकथेची दोन टोकं दोन मोठ्या माणसांच्या हातात होती आणि तिसरा मधून ओढत होता. गुरुजींनी ती काढून घेतली आणि उलटी ठेवली. "पंगतीला बसल्यावर आपण आपल्या हातानं वाढून घेतो का? वाढणारा दुसरा असतो. इथंही तसंच." तेव्हापासून राजूरच्या वाचन मंडळात कुणी स्वतःसाठी पुस्तक निवडलं नाही. दर पंधरा दिवसांनी रविवारी बैठक. पुस्तक परत करणाऱ्यानं उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: कसं वाटलं, किती वयाच्या माणसाला चालेल, आणि पुढचं नाव. ज्याचं नाव घेतलं जाईल त्यानं ते पुस्तक घ्यायचंच. नाही म्हणायचं नाही. मी वहीत चार रकाने आखले होते: पुस्तक, वाचणारा, वय, पुढचं नाव. बैठक संपायच्या आधी गुरुजी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मोठ्यानं वाचून दाखवत आणि खाली सही करत.

या नियमानं गावाची करमणूक फार झाली. ती रहस्यकथा फिरत फिरत भजनी मंडळाच्या पेटीवाल्याकडे गेली आणि पुढचे पंधरा दिवस तो माणूस अभंगात चुकत राहिला. पाककृतीचं पुस्तक दगडू टेलरला मिळालं. त्यानं ते परत करताना वयाच्या रकान्यात काय लिहायचं विचारल्यावर सांगितलं, "वयाचं काय न्हाई. ज्याची बायको म्हायेरी गेली हाय, त्यो." मी तसंच लिहिलं. आणि छबी. तिला बेडकांची गोष्ट असलेलं चित्रांचं पुस्तक मिळालं होतं. ती बाकावर उभी राहून म्हणाली, "लई भारी हाय. साठ वर्साच्या मानसाला चालंल."

"साठ?" गुरुजी म्हणाले. "का गं?"

"अक्षरं मोठी हायेत. पुढचं नाव, तात्या."

तात्या उठले. उंच, वाळलेले, खाकी सदरा अजून सुटलेला नव्हता. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि म्हणाले, "छबे, बेडूक दिसत्यात गं मला. अक्षर न्हाई दिसत." वर्ग हसला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आम्हां सगळ्यांना ते माहीत होतं, पण इतकं पुढे गेलंय हे माहीत नव्हतं. नियमाप्रमाणे पुस्तक परत करता येत नव्हतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. अशा रीतीनं मी तात्यांची वाचणारी झाले.

आमचं घर दुकानाच्या मागे होतं. दादांचं भुसार दुकान: भात, वरई, नागली, आणि हंगामात डोंगरातून येणारा हिरडा. घरात सतत हिरड्याचा तुरट वास असे, कपड्यांनासुद्धा. पुढच्या बाजूनं दिवसभर दादांचं माप ऐकू यायचं. मापानं धान्य घालताना ते पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन, असं लयीत वीसपर्यंत. मी अभ्यास करताना ते ऐकत असे, आणि मध्येच आकडा चुकला तर आतून ओरडत असे, "दादा, चौदा झाले!" मागच्या बाजूला आई तव्यावर खुरासणी भाजायची. ती तडतडायला लागली की मांजर उठून बाहेर जाई. त्या काळ्या चटणीवर तेल आणि नागलीची गरम भाकरी, शेजारी कांदा. माझी मुलगी म्हणते, आई, तू भाजीची कृतीसुद्धा ग्रॅममध्ये सांगतेस. खरं आहे. पण त्या चटणीचं प्रमाण मला सांगता येत नाही, कारण आई मूठ वापरायची आणि ती मूठ आता नाही.

शाळा सुटल्यावर चार ते साडेपाच मी तात्यांच्या ओट्यावर बसून वाचायची. त्यांच्या ओट्याची आणि पोस्टाची भिंत एकच होती. पलीकडे टपालावर शिक्के मारल्याचा ठकठक आवाज येई, आणि पोस्टमन बाहेर पडला की आधी तात्यांशी दोन शब्द बोले. कुणाची मनीऑर्डर आली, कुणाचं आंतरदेशीय आलं, हे तात्यांना गावाच्या आधी कळायचं. तीस वर्षं त्यांनी घाटघर ते भंडारदऱ्याच्या पाण्यापर्यंतचं जंगल राखलं होतं. कुऱ्हाडीच्या आवाजावरून झाड सांगत. लोक म्हणत की ते आंधळे झाले तरी लाकूडचोराला भीती आहेच. घरात त्यांच्याशिवाय त्यांची विधवा बहीण होती, तिला सगळे आक्का म्हणत. ती वाचन चालू असताना आत सूप पाखडत बसायची आणि रंगात आलं की सूप थांबायचं.

तात्या ऐकणारे म्हणून अवघड होते. दर पानाला हरकत. पुस्तकातला कुणी पावसाळ्यात सागाची पानं गळाली असं म्हणाला की म्हणत, "हा लिवनारा घरात बसून लिवतोय." पण बैठकीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. माणूस ओळखून पुस्तक द्यावं तर तात्यांनी. नापास झालेल्या एका मुलाला त्यांनी एका आंधळ्या गवयाच्या आयुष्याचं पुस्तक दिलं होतं आणि त्याच्या आईनं येऊन तात्यांच्या पायावर डोकं ठेवलं होतं. त्यामुळे गावात एक समजूत झाली होती की तात्या पुस्तक देतात तेव्हा त्यांना काहीतरी सांगायचं असतं.

वर्षभरात मी त्यांना दहा पुस्तकं वाचून दाखवली. अकरावं नावाडिणीचं. पुस्तकांची नावं आम्ही कुणी घेत नसू. बेडकाचं, गवयाचं, तसं नावाडिणीचं. नवं कोरं घेतलेलं, पानं दोनशे चौदा, माझ्याआधी कुणी वाचलेलं नव्हतं. गोष्ट अशी. कोकणात एका खाडीवर एक विधवा बाई होडी चालवते. तिचा एकुलता मुलगा जहाजावर कामाला जातो. ती रोज संध्याकाळी काठावर कंदील लावून ठेवते, भरती असो, ओहोटी असो. तात्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. "भंडारदऱ्याच्या पान्यायेवढा असंल का गं?" मीही पाहिलेला नव्हता. मी म्हटलं, "त्याच्या दुप्पट." आज मला त्या उत्तराची लाज वाटते, पण ते फसवणं नव्हतं, अंदाज होता.

अडखळायला नको म्हणून दुसऱ्या दिवशीची पानं मी आदल्या दिवशी घरी वाचून ठेवत असे. त्यामुळे शेवट मला आधी कळला. शेवटच्या अकरा पानांत मुलगा येत नाही. जहाज कंपनीचा माणूस त्याची पेटी घेऊन येतो. ती बाई त्याच माणसाला होडीतून पलीकडे सोडते, त्याच्याकडून उताऱ्याचे, म्हणजे होडीच्या भाड्याचे, पैसे घेते आणि परत येऊन कंदील विझवते. इथे पुस्तक संपतं. मी भाताच्या पोत्यांमागे बसून रडले.

त्याच आठवड्यात तात्यांना हिवताप भरला होता. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. मी गेले तेव्हा ते घोंगडी लपेटून भिंतीला टेकले होते आणि आक्का हातात ताटली घेऊन उभी होती. मला म्हणाली, "वाच बाई एकदाचं. ते पोरगं घरी आल्याबिगर ह्यो जेवनार न्हाई म्हनतोय." तात्या डोळे मिटूनच बोलले, "यील त्यो. न आला तर लिवनाऱ्याला जाब इचारीन."

मी दोनशे तीनपर्यंत छापलेलं वाचलं. तिथून पुढे माझ्या मनाचं सांगत गेले. पानं बरोबर सहा वेळा उलटली, जेवढी उलटावी लागतात तेवढीच, कारण उलटण्याचा आवाज तात्या ऐकत असतात हे मला माहीत होतं. माझ्या शेवटात मुलगा ओहोटीच्या वेळी येतो, होडी चालत नाही, म्हणून चिखलातून चालत येतो, आणि आई त्याला आधी पाय धुवायला लावते. आत आक्काचं सूप थांबलं होतं. तात्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "आधी पाय धू म्हनली व्हय? आईच हाय." आणि अर्धी भाकरी खाल्ली. आक्कानं मला पेढा दिला. घरी येताना मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

पुढचा रविवार एकाहत्तर सालच्या डिसेंबरातला पहिला. लढाईला नुकतं तोंड लागलं होतं. बैठकीला येण्याआधी सगळे चावडीवरच्या रेडिओला कान लावून आलेले. मुक्ताबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, बोलत नव्हत्या. त्यांचा शंकर फौजेत होता आणि दसऱ्यानंतर त्याचं पत्र नव्हतं. बाई चौथी शिकलेल्या, दवाखान्यातल्या बाळंतिणींना पुस्तक वाचून दाखवायच्या. एरवी बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्या त्याच.

तात्या काठी टेकत उभे राहिले. ताप उतरला होता, गाल बसले होते. "नावाडिनीचं पुस्तक. लई चांगलं हाय. तिनं धीर सोडला न्हाई, एवढंच सांगतो. वय, आईला वय नसतं. पुढचं नाव, मुक्ता."

मी वहीवर मान खाली घालून बसले होते. उठून नको म्हणायला हवं होतं, पण म्हणाले नाही. टाक दौतीत बुडवला आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: मुक्ताबाई. अक्षर वहीत आज पाहिलं तरी इतर नोंदींसारखंच सरळ आहे, हेच मला खटकतं. मुक्ताबाईंनी पुस्तक घेतलं, तात्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पदराखाली धरून निघून गेल्या.

सोमवारी सकाळी भाकऱ्या थापताना आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परात बाजूला सारली. "काय झालंय?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, आजारी माणसासाठी केलंस, जाऊ दे. आई म्हणाली, "आजाऱ्याशी खोटं बोललीस, ते बोलतात माणसं. पण आता तात्यांच्या नावावर तुझं खोटं दुसऱ्याच्या घरात गेलं. ते घेऊन ये परत." तिनं मला चहासुद्धा दिला नाही. तशीच पाठवली.

मुक्ताबाईंचं घर दवाखान्यामागे. दार अर्धं लोटलेलं. उन्हं वर आली होती आणि चूल थंड होती. शेळी दावणीला ओरडत होती, कुणी धार काढली नव्हती. बाई भिंतीशी बसल्या होत्या, अंगावर कालचंच लुगडं, मांडीवर पुस्तक. मला पाहून त्या उठल्या नाहीत.

"तात्यांनी धाडलं का तुला?"

"नाही."

"खरं सांग. पोष्टातनं काय आलंय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, "काही आलं नाही."

"आगं, मी पुस्तक आधी मागनं वाचती. सवयच हाय मला. काल घरी आली, शेवटचं पान उघडलं, तर पेटी." त्यांनी पुस्तकावर बोट आपटलं. "तात्या उगा कुनाला पुस्तक देत न्हाई. भिंतीला भिंत हाय त्यांच्या पोष्टाची. म्हनलं, तार आलीया. तोंडानं सांगाया धजंना म्हातारा, म्हनून पुस्तक दिलं. धीर धर म्हनला न्हवं सगळ्यांम्होरं? मला म्हनला त्यो."

त्या काल संध्याकाळपासून तशाच बसल्या होत्या. तात्यांकडे विचारायला जायचं धैर्य झालं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

मी उभ्या उभ्याच बोलले. तात्यांना काही माहीत नाही. तात्यांच्या पुस्तकात मुलगा परत येतो. तो मी आणला. छापलेलं मी वाचलंच नाही. बाईंनी तेच पुन्हा विचारलं. "म्हंजी तात्यांना काय बी ठावं न्हाई?" नाही. "तार न्हाई?" नाही. "देवाची शपथ?" देवाची शपथ. मग त्या उठल्या आणि माझ्या गालावर एक ठेवून दिली. बाळंतपणं करणारा हात, चांगला भरभक्कम होता. आणि त्याच हातानं मला जवळ ओढून रडायला लागल्या. मीही रडले. बाहेर शेळी ओरडतच होती.

"जा," शेवटी त्या म्हणाल्या, "आधी त्या मुक्या जित्राबाची धार काढ. मला आता उठवत न्हाई."

मी शेळीची धार काढली. त्यांनी चूल पेटवली, गुळाचा चहा केला, मला बशीत ओतून दिला. चहा पिताना म्हणाल्या, "तात्यांना काय सांगितलं हुतंस, ते सांग की." मी चिखलाचं आणि पाय धुण्याचं सांगितलं. त्या चुलीकडे बघत ऐकत राहिल्या. "हां. शंकऱ्याबी तसाच यायचा, ढोपरापतूर चिखल." मग बशी उपडी घालत म्हणाल्या, "आता ऊठ. तात्यांना सांगून ये. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगनार, आन मी सांगितल्यावर तुला त्या वट्यावर तोंड दाखवता येनार न्हाई."

तात्यांच्या ओट्यावर मी सकाळी आलेली पाहून आक्का हसली, "आज शाळा न्हाई वाटतं." मी तात्यांच्या समोर बसून सांगितलं, मुक्ताबाईंच्या थंड चुलीसकट सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली आणि एकच विचारलं, "आधीच्या धा पुस्तकांत काय काय बदललंस?"

"काही नाही."

"आठव नीट."

मी आठवलं. गवयाच्या पुस्तकात गावाचं एक वर्णन कंटाळून सोडलं होतं, दीड पान. एका पुस्तकात एक शिवी होती, ती वाचायची लाज वाटली म्हणून गाळली होती. बेडकांच्या पुस्तकात काही नाही. असं एकेक पुस्तक बोटावर मोजून मी जाब दिला. पुढे पतपेढीत बावीस वर्षं नोकरी केली, दरवर्षी तपासनीस येत, पण तसा जाब मला कुणी विचारला नाही. तात्यांनी मोजणी ऐकली, उठले, आणि काठी टेकत मुक्ताबाईंच्या घराकडे निघाले. मी हात धरायला गेले, तर म्हणाले, "नगं. वाट दिसती मला." ती त्यांना दिसत नव्हती. त्यांनी ती पायांनी चाचपत काढली.

पंधरा दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. चार वाजले की मी दुकानाच्या दारात उभी राहायची, मग आत जायची. हे दादा बघत असत. माप घालताना मुद्दाम आकडा चुकत, मी ओरडावं म्हणून. मी ओरडले नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत लढाई संपली होती, पण शंकरचं पत्र आलेलं नव्हतं. मुक्ताबाई आल्या होत्या. तात्या सगळ्यांत आधी उभे राहिले. मंडळाच्या वर्षभरात कुणी न केलेली गोष्ट त्यांनी केली. "नावाडिनीच्या पुस्तकाची शिफारस मी मागं घेतो. पुस्तक वाईट न्हाई. मी ते नीट ऐकलं नव्हतं."

"तात्या, झोप लागली हुती व्हय?" दगडू टेलर म्हणाला.

"व्हय," तात्या म्हणाले. "तापात हुतो."

लोक हसले. तात्या मान खाली घालून बसले. तीस वर्षं ज्यानं पानाच्या सळसळीवर माणूस ओळखला, तो सतरा माणसांसमोर ऐकण्यात चुकलो म्हणाला, आणि ते माझ्यासाठी म्हणाला. मला बोलायचं होतं. हातात टाक होता. मी नोंद लिहिली. बैठक संपताना गुरुजींनी नेहमीप्रमाणे वही उचलली आणि वाचू लागले. पहिलीच नोंद होती: "नावाडिणीचं पुस्तक. शिफारस मागे. कारण..." ते थांबले, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. "कारण, वाचणारीने शेवटची अकरा पाने न वाचता स्वतःच्या मनाने सांगितली. ऐकणाऱ्याची चूक नाही."

 छबीनं विचारलं, "वाचनारी कोन?" दगडूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मुक्ताबाई म्हणाल्या, "गुरुजी, सही करा की. खरं लिवलंय तिनं." गुरुजींनी सही केली.

बाहेर तात्या पायरीवर थांबले होते. "शालू," ते म्हणाले. तीन शब्दांपलीकडे ते प्रेमानं कधी बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही. "उंद्या ये चारला." मग पायरी उतरता उतरता, "छबीला बी आन."

छबी कशाला, ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि बजावलं, "हिच्या बोटाखाली बघत ऱ्हा. छापलंय त्येच वाचती का, त्ये सांग." छबी दुसरीत होती, तिला निम्मं वाचता येत नव्हतं. पण ती इतकी कडक निघाली की मी श्वास घ्यायला थांबले तरी म्हणायची, "तात्या, थांबली!" तात्या हसायचे. आक्काही आतून हसायची. मात्र शेवटची अकरा पानं वाचायला मी पुस्तक उघडलं, तेव्हा त्यांनी हात आडवा केला. "त्ये नगं. त्ये मी वाचीन."

तीन वर्षं ते डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला नाही म्हणत होते. संगमनेरला दर वर्षी शिबिर भरे. मुक्ताबाई दर वर्षी त्यांचं नाव लिहून घेत आणि ते दर वर्षी त्या दिवशी डोंगरात निघून जात. वाघासमोर उभा राहिलेला माणूस डोळ्याजवळ सुरी आणू देत नव्हता. त्या वर्षी ते स्वतः दवाखान्यात जाऊन म्हणाले, "मुक्ता, नाव घाल. दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलेलं आता तुला देनार न्हाई." मुक्ताबाईंनी त्याच वेळी त्यांना शंकरचं पत्र दाखवलं. कालच आलं होतं, चार ओळी, पाय मुरगळला आहे, बाकी खुशाल. तात्यांना ते दिसत नव्हतं. बाईंनी वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "छापल्यावानीच वाचलं बरं का."

शस्त्रक्रिया फुकट झाली. पट्टी निघून डोळा निवायला सहा आठवडे गेले. मग चष्म्यासाठी दादा, मी आणि तात्या एसटीनं पुन्हा संगमनेरला गेलो. चष्मेवाल्याचं दुकान बाजारात, बोळकांडीएवढं. त्यानं जाड भिंगांचा चष्मा तात्यांच्या नाकावर बसवला आणि वाचून बघायला वर्तमानपत्र पुढे केलं. तात्यांनी ते बाजूला सारलं. पिशवीतून नावाडिणीचं पुस्तक काढलं, दोनशे चार पान काढलं आणि दुकानातल्या स्टुलावर बसले. ओठ हलवत, बोट ओळीखालून नेत, एकेक शब्द. गिऱ्हाईकं आली आणि गेली. चष्मेवाला दोनदा म्हणाला, "आजोबा, चष्मा जमतोय ना?" दादांनी त्याला हातानं थांबवलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अकरा पानांना पन्नास मिनिटं लागली.

पुस्तक मिटून त्यांनी चष्मा काढला, भिंगं धोतरानं पुसली, परत घातला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तू यवडी मोठी झालीस व्हय," म्हणाले. मग पुस्तकावर हात ठेवून, "लिवनाऱ्याचं बराबर हाय. तिनं उताऱ्याचं पैसं घेतलं, त्ये लई बराबर हाय. त्या तापात मला त्ये सोसलं नसतं." आणि पुस्तक पिशवीत घालताना, "पन तू इचारायचं हुतंस मला."

चष्म्याचे बावीस रुपये झाले. दादा खिशात हात घालू लागले तर तात्यांनी त्यांना डोळे वटारून दाखवले. आता ते वटारलेले दिसत होते, भिंगांमुळे चांगलेच मोठे. त्यांनी कनवटीच्या पुडीतून वीस रुपये मोजले. माझ्याकडे दिवाळीपासून साठवलेले दोन रुपये होते, रुमालाच्या गाठीत. मी ते गल्ल्यावर ठेवले. तात्यांनी एकदा बोटानं परत सारले. मी पुन्हा ठेवले. ते चष्मेवाल्याला म्हणाले, "घ्या. तिचा दंड हाय." वीस त्यांचे आणि दोन माझे, असे एकूण बावीस रुपये चष्मेवाल्याला पोहोचले, बाकी काही राहिली नाही.